चहाला न्हाई म्हणलो तवा

मी गावात समद्यायच्या नकला करतो. एकदा घसा सुजून तोंडात गरम भजं धरल्यावानी आवाज निघाया लागला, तवा कट्ट्यावरची मंडळी ती बी नक्कलच समजून टाळ्या पिटून म्हणली, "वा! सरपंच बराबर जमला!" मी हातानं न्हाई न्हाई केलं, तर आणखीच हसली.

घरी गळ्याला हळदीचा लेप लावला, तर बायको बी हसली. "गळ्याला हळद फासून पुन्हा नवरदेव व्हायलात का?"

पण मी चहा परत केला. जन्मात असं केलं नव्हतं. थुंकी बी गिळता येईना, उपरण्यानं लाळ पुसून राहिलो. आडवा पडलो तर दमच कोंडला. तिचं हसू गेलं. "उठा, आत्ता हिंगोलीला."

मी हातानंच म्हणलं, उद्या जाऊ. तिनं ऐकलं न्हाई.

दवाखान्यात डॉक्टरनं मला झोपू दिलं न्हाई, बसवूनच ऑक्सिजन लावला, सलाईनमधून औषध सोडलं. श्वासाची नळी शेजारीच तयार ठेवली. बायकोला म्हणले, "उद्या आणलं असतं तर जीवच गेला असता, बाई."

आता कट्ट्यावर माझा आवाज बदलला की मंडळी आधी चहा पुढं करते. मी पिलो, तरच हसते.