नासलेल्या बॅटरीचे ब्याण्णव टक्के

आपल्यासारख्या जाणत्या वाचकांसमोर लेखणी घेऊन उभा राहतो आहे, याबद्दल आधी क्षमा असावी. साठी उलटेपर्यंत पत्रांपलीकडे मी काही लिहिले नाही. शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास कधी नव्हता... आजही आहे असे म्हणवत नाही. घडले ते किळसवाणे होते, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

आम्ही सास्तूरजवळच्या एका गावात राहतो. पत्नी कमल हिची फुप्फुसे निकामी होत चालली आहेत. तिला दिवसभर ऑक्सिजनच्या यंत्राची नळी लागते. वीज वारंवार जाते, म्हणून छतावर सोलर पॅनेल आणि जिन्याखाली इन्व्हर्टर-बॅटरी बसवून घेतली. बॅटरी किती टक्के भरली आहे, ते इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर दिसते. वीज गेली की दर पंधरा मिनिटांनी तो आकडा मी वहीत टिपतो. तासाला पंचवीसेक टक्के उतरतात. तीस आले की राखीव सिलिंडर जोडायचा, असा आमचा नियम.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वानरांनी पॅनेलची वायर तोडली. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ दत्तू रिकामा झालेला तो एकुलता राखीव सिलिंडर भरून आणायला उमरग्याला गेला, आणि अकराच्या सुमारास वीज गेली.

आकडा ब्याण्णव. सव्वाअकराला ब्याण्णव, साडेअकराला ब्याण्णव... बारा वाजले तरी तेच. आकडा अडकला असणार, म्हणजे यंत्र कोणत्याही क्षणी बंद पडेल — या विचाराने मी जिना आणि खाट यांमध्ये येरझारा घालू लागलो. त्यातच जिन्याखालून नासक्या दुधाचा, सडक्या अंड्यांचा घाणेरडा वास सुटला. यंत्र घरातलीच हवा ओढते. मी कमलजवळ गेलो.

"वास येतोय का गं?"

"येतोय की. पण आज लई मोकळं वाटतंय," कमल म्हणाली. "तुम्ही बसा बरं एका जागी. किती येरझारा घालताव!"

दोन वाजता वीज आली. आकडा ब्याण्णवच.

थोड्या वेळाने वायर जोडायला सोलरचे मिस्त्री इर्शादभाई आले. नाकाला रुमाल लावूनच त्यांनी बॅटरीच्या तारा सोडल्या आणि मीटर लावला. भरलेली बॅटरी बारा-तेरा व्होल्ट दाखवते; ही चार दाखवत होती. त्यांनी टोपणे उघडली. तपकिरी पाण्यावर पिवळट गुठळ्या तरंगत होत्या.

"सर, बॅटरी हाय का दह्याचं गाडगं?"

एवढ्यात दत्तू सिलिंडर घेऊन दारात आला. त्याचा चेहरा पडला.

"दादा, खंडेनवमीला समदी अवजारं पुजली नव्हं? बॅटरीत पाणी घालायचंच होतं, म्हणून टोपणं उघडली... पंचामृत उरलं होतं. वैनीचा जीव हिच्यावर, म्हणलं हिलाबी थोडं घालावं."

"थोडं म्हंजी?" इर्शादभाईंनी विचारले.

"टोपणाला एक पळी."

मी उठून खिडक्या उघडल्या.

"ही कवाच मेली, सर. हिच्यावर झिरोचा बल्ब पेटणार न्हाय."

"आत्ता तीन तास यंत्र चालले."

"डिस्प्ले अडकला असंल."

"डिस्प्ले अडकल्याने यंत्र चालते का?"

कमलला सिलिंडर लावून आम्ही मेन स्विच बंद करून त्याच बॅटरीवर यंत्र पुन्हा चालवून पाहिले. यंत्र एकदाच किंचाळले आणि बंद पडले. इर्शादभाईंनी माझी वही मागून घेतली, ती पाने दोनदा वाचली, आणि चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली. तोवर दत्तूची शरम जिरली होती. 'देवानं पंचामृत मानून घेतलं' असे तो पारावर सांगत होता. ज्याने घाण ओतली, तोच चमत्काराचा मानकरी! बाया नारळ घेऊन आल्या, त्या चिकट डब्याला कुंकू लावून गेल्या. एकीने तर बोटाला लागलेले बॅटरीतले आम्लाचे पाणी लेकराच्या कपाळी टेकवले. मी धावत जाऊन पुसले, तर मलाच बोल लागला.

वायर, मीटर, वही सारे मी पुन्हा पुन्हा तपासले. उत्तर नाही. जुनी बॅटरी भंगारात द्यायला निघालो, तर कमलने हात धरला. "जिनं तीन तास जगवलं, तिला अशी टाकून देताव?"

तेव्हापासून ती जिन्याखालीच आहे. दहा वेळा धुतली तरी वास जात नाही. जेवताना तो माझ्या बोटांना येतो. कमलला मात्र त्या कोपऱ्याजवळच झोप लागते.

माझ्या जागी आपण असता, तर ती घरात ठेवली असती का?