सासूबाईंच्या जोडव्यावरची ठिणगी

लग्न होऊन मी कोहिनूर या गावी आले ती ऐन थंडीत. सासूबाईंची गळ्यातल्या इष्टलिंगाची सकाळची उपाशीपोटी पूजा आटोपली की सुनेनं त्यांच्या पाया पडायचं, एवढाच सासरचा नियम. सोपं काम! पण पहिल्याच सकाळी माझं बोट त्यांच्या चांदीच्या जोडव्याला लागलं आणि ‘चट्’ असा आवाज झाला. मी किंचाळले, त्यांनी पाय खुर्चीवर घेतले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी पूजा संपताच घरातला मेन स्विच बंद करायला लावला. अंधारात वाकले, तर पुन्हा चट्! आता तर ठिणगीही दिसली.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, वायरीतल्या विजेला जायला आणि परत यायला सलग वाट लागते. मेन बंद केला की ती वाट तुटते. ही वीज वेगळी. ही घासण्यानं अंगावर साचते. मी सकाळी तुमच्या केसाळ ब्लँकेटाची घडी घालते, तेव्हा माझी पॉलिएस्टरची साडी त्याला घासते. खाली प्लास्टिकची चटई, म्हणून साचलेली वीज जमिनीत उतरत नाही. जोडवं दिसलं की तिथं उडी मारते."

"ब्लँकेटाला नावं ठिवू नको," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरचं हाय."

धडा तिथेच संपला. आहेरातल्या साड्या झाडून पॉलिएस्टरच्या, आणि फरशी गार म्हणून चटई हलवायची सोय नाही. शेवटी मी युक्ती काढली. आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा, म्हणजे काय चटका बसायचा तो तिथंच बसेल. हात पुढे केला न केला तोच मागून आवाज आला, "कपाटाकडं कामून जायलीस? किल्ली माझ्या कमरेला हाय."

त्या दिवशीही चटका बसला, आणि फर्मान निघालं, "उद्यापासून दुरूनच नमस्कार कर."

नव्या सुनेनं दुरून नमस्कार करायचा! मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्यात सासूबाईंचा पारा रोज सकाळपासून चढलेला. भाकरी जाड झाली, दार उघडं राहिलं, कुत्रं भुंकलं, सगळ्याचा दोष माझा. या बाईंना मी आवडलेच नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

अशात येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली. येळवसेला आमच्याकडे सगळा गोतावळा मिश्र भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन शेतात जेवायला जमतो. तिथे नव्या सुनेनं सगळ्यांच्या देखत थोरांच्या पाया पडायचं. सासूबाईंनी तिथंही पाय मागे घेतले, तर भावकीत माझी शोभा होणार होती.

सासूबाई ओलसर काळ्या मातीत पाय सोडून बसल्या होत्या. मी चप्पल काढून वाकले. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि गळ्यातली लिंगाची डबी मुठीत धरली. मी जोडव्याला हात लावला. काहीच झालं नाही.

त्यांनी एक डोळा उघडला. "परत पड."

मी पडले.

"परत."

"काय गुणाची सून मिळाली!" चुलतसासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मला हाताला धरून कोपीमागं, कडब्याच्या खोपटाआड, नेलं. "चटका कामून बसंना आता?"

"मातीत उतरली वीज, आत्या. तुम्ही-मी दोघी मातीवर आहोत ना."

त्यांनी कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी पूजेआधी चोरून घोटभर चहा पीत होते ग. मला वाटलं, देवाला कळलं. म्हणून चहा सोडला. तरी चटके बसायलेच. मग वाटलं, माझ्या पापानं तुझा हात पोळायलाय. म्हणून दूर ठिवलं तुला."

 त्यांनी लगेच विचारलं, "म्हंजे चहाचा काय संबंध न्हाई?"

"काहीच नाही."

"मग इतके दिवस बिनचहाची कामून ठिवलीस मला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उजाडायच्या आत हलवून जागं केलं. पूजा व्हायची होती, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती आणि स्वयंपाकघराला आतून कडी. चुलीपुढं दोन कप वाफाळत होते.

"पी गुमान," त्या म्हणाल्या. "पाया मग पड."