सरांच्या ईमेलवरून आलेलं पत्र

मैत्रेयीच्या अर्जात तिसऱ्या पत्रासमोर हिरवी खूण आली होती. सबमिटेड. नाव पाटणकर सरांचं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी सर गेले तेव्हा मी स्वतः त्यांच्या बेसण्याला, शोकसभेला, जाऊन आले होते.

मी मांजलपूरला एम.एस.साठी परदेशी जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करते. बहुतेक कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगची मुलं. अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागतात. आम्ही त्यांना एलओआर म्हणतो. हे पत्र विद्यार्थ्याच्या हातात येत नाही. फॉर्ममध्ये प्रोफेसरांचा ईमेल भरायचा, युनिव्हर्सिटी त्यांना लिंक पाठवते आणि ते परस्पर पत्र चढवतात. आत काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही. दिसते फक्त खूण.

नावं मैत्रेयीनंच भरली होती. ती नोकरीला बंगळुरूला. डेडलाइन परवावर आलेली. मी फोन लावला.

"पाटणकर सरांशी कधी बोललीस?"

"बोलले नाही, मॅडम. मेल केला. सर मेलवरच असतात ने. दर आठवड्याला माझा कोड बघतात."

"गेल्या आठवड्यातही?"

"हो, शुक्रवारी. का?"

मी कारण सांगितलं नाही. तो मेल तेवढा मागवून घेतला. चार ओळींचा होता. तिच्या प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून पडत होते; कुठे, ते नेमकं दाखवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'घाई करू नकोस. मी इथेच आहे.' आधी कॉलेजात शिकवायचे तेव्हा सरांबरोबर मी एकाच डिपार्टमेंटमध्ये चौदा वर्षं काढली. भाषा त्यांचीच होती. भर दुपारचे बारा वाजले होते, बाहेर रहदारी चालू होती, तरी मी उठून केबिनचं दार उघडं ठेवलं.

मग स्कूटर काढली आणि जुन्या शहरातली घडियाळी पोळ, सरांची गल्ली, गाठली. सरांचं घर पहिल्या मजल्यावर, खाली बांगड्यांचं दुकान. दार वहिनींनी उघडलं. सरांच्या पत्नी.

"या, बसा ने."

मी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडे वळले.

"तिथे नको," त्या पटकन म्हणाल्या.

मी कोचावर बसले. टेबलावर चहाचे दोन कप होते. एकावर बशी झाकलेली.

"वहिनी, सरांचे मेल कोण लिहितं?"

"मीच. त्यांची नजर गेली तेव्हापासून मीच. मी कोड वाचून दाखवते, ते चूक सांगतात, मी टाइप करते."

"आणि आता?"

"आताही तसंच."

दूधवाला अजून येतो, असं सांगावं तशा त्या बोलल्या.

"वहिनी, सर गेले."

"माहीत आहे मला. फोटोला हार मीच घालते. पण कोड वाचायला घेतला की ते मध्येच थांबवतात. परत वाच म्हणतात. तिथे चूक असते."

माझ्या अंगावर काटा आला. पण मला माझं काम करायचं होतं.

"हे पत्र बनावट धरतील. मैत्रेयीचा अर्ज रद्द होईल."

त्यांचा चेहरा उतरला. "पोरीचं नुकसान होईल?"

"होईल."

त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. "ऐकलंत?"

पंखा फिरत होता. त्या थांबल्या. सांगायला लाज वाटते, पण मीही खुर्चीकडे बघत थांबले होते.

"कळवून टाकू म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी स्टूल ओढलं आणि युनिव्हर्सिटीला साध्या इंग्रजीत मेल लिहिला. माझे पती हयात नाहीत, पत्र मी लिहिलं, विद्यार्थिनीला याची कल्पना नव्हती, पत्र काढून टाकावं. खाली स्वतःचं नाव घातलं. निघताना मी त्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडले.

संध्याकाळी मैत्रेयीला सगळं सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "पण मॅडम, ती चूक खरी होती. ती कोणी शोधली?"

"वहिनी दोन वर्षं रोज कोड वाचत होत्या. शिकल्या असतील."

"तुम्हाला तसं वाटतं?"

मी विषय बदलला. पत्र दुसरं हवं होतं. वाघोडियाच्या ज्या कंपनीत तिनं इंटर्नशिप केली, तिथल्या इंजिनिअरनं दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचं सरळसोट पत्र चढवलं. युनिव्हर्सिटीनं मैत्रेयीकडे दोनदा खुलासा मागितला, मग अर्ज ग्राह्य धरला. दीड महिन्यानं ॲडमिशन आली.

जाण्याआधी ती वहिनींना भेटून आली. आता ती तिकडून वहिनींना त्यांच्याच नावाच्या मेलवर कोड पाठवते आणि चुका दुरुस्त होऊन येतात. कोण सांगतं, हे तिनं विचारलेलं नाही. मीही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगते. शिफारस करणारा माणूस जिवंत आहे का, हा प्रश्न कुठल्याही फॉर्ममध्ये नसतो. नाव भरण्याआधी फोन करा आणि त्याचा आवाज ऐका.