सरदाराला लग्नाचं बोलावणं

तो खेळ मी दुसऱ्यांदा उघडला तो निव्वळ नाइलाजाने. पहिल्यांदा उघडला होता तो धाकट्या भावाने डोकं खाल्लं म्हणून. दोन्ही वेळा मला त्यात काडीचा राम दिसला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कोणी जुन्या दिवसांच्या गोड आठवणींची अपेक्षा ठेवायला नको.

खेळ इंटरनेटवरचा. राजे, किल्ले, चेटकिणी, ड्रॅगन. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरतात, प्रत्येकाचं एक सोंग असतं, आणि ते सोंग मोठं करण्यात त्यांचे दिवस जातात. आम्ही तेव्हा अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा फिटर होते. भाऊ इंजिनीअरिंगला गेला म्हणून घरात कॉम्प्युटर आला, आणि अभ्यासाचं काही त्यात शिरायच्या आत उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या सीड्यांवरून हा खेळ शिरला. सीडीच्या कव्हरावरची छपाई इतकी हललेली होती की राजकन्येला तीन डोळे दिसायचे.

भाऊ सरदार झाला. दारातून आडवाच शिरेल एवढे खांदे, अंगभर चिलखत, हातात घराच्या तुळईएवढी तलवार. मला त्याने चेटकीण केलं. ही बाई बर्फात फिरायची आणि तिच्या अंगावर दोन हातरुमालांचं कापड होतं. हिला थंडी वाजत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला ते कपडे नाहीत, कवच आहे. माझं काम एकच. तो पुढे जाऊन मार खाणार आणि मी मागे उभी राहून बटण दाबून त्याच्या जखमा भरणार. घरात तो जेवून उठायचा आणि ताट मी उचलायचे, त्यामुळे हे काम मला नवीन नव्हतं. काही महिने केलं आणि सोडलं.

त्याने मात्र सोडलं नाही. दुसऱ्या वर्षाला तो नापास झाला, ते त्याने लपवलं, आणि बाबांना ते कारखान्यातल्या कोणाच्या तरी मुलाकडून कळलं. बाबा घरी आले, बूटही न काढता हत्यारांच्या पेटीतून पक्कड घेतली आणि इंटरनेटची वायर खिडकीपाशी कापली. म्हणाले, "आता दाखव तुझं राज्य." त्याच आठवड्यात हा बॅग घेऊन बंगलोरला गेला. आधी दिवाळीला आईला फोन यायचा. मग तो नंबरही बंद झाला.

बाबा रिटायर झाले आणि आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेतला. तिथल्या शेजाऱ्यांना मी एकुलती एक वाटायचे आणि बाबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. आई दुरुस्त करायला तोंड उघडायची आणि मिटायची. मला दोघांचाही राग यायचा. सगळ्यात जास्त राग त्या खांदेवाल्याचा यायचा.

दोन हजार नऊ साली माझं लग्न ठरलं. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून बजावायला. होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्याही भावानेच घालायच्या असतात. बैठकीत मावशीने विषय काढला, कानपिळीला कोण? आणि लगेच मामाच्या मुलाचं नाव सुचवलं. हा मामाचा मुलगा म्हणजे व्हिडिओवाल्याचा दिवा लागला की आधी केसांतून हात फिरवणारा. त्याला माझ्या सुखाशी देणंघेणं नव्हतं, मानाचा कपडा आणि फोटो हवा होता. मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं. कान माझा भाऊच पिळेल, नाहीतर कोणी पिळणार नाही. बाबा उठून गॅलरीत गेले. मावशी म्हणाली, मुलगी शेफारली आहे. पण मला तोच हवा होता. तो नालायक होता, पण माझा होता.

आता त्याला शोधायचा कुठे? कात्रपला त्याच्या एका जुन्या मित्राचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. तिथे गेले. तो म्हणाला, "ताई, त्याचा नंबर माझ्याकडेपण नाहीये. नाइट ड्युटी करतो तो. पण दुपारी गेममध्ये असतोच. पब्लिक सगळी सोडून गेली, हा एकटा गावाच्या वेशीवर बसलेला असतो." सख्ख्या बहिणीला भावाचा पत्ता हा असा मिळाला.

घरी येऊन खेळ उतरवायला घेतला. बदलापूरची वीज तेव्हा रोज ठरल्यासारखी जायची, त्यामुळे अर्ध्यावर आलेला खेळ पुन्हा पहिल्यापासून उतरायचा. शेवटी उतरला, तर जुन्या चेटकिणीचा पासवर्ड आठवेना. नवीन सोंग घ्यावं लागलं. यादीत जी सगळ्यात अंगभर कपड्यांतली दिसली ती घेतली, ती निघाली रानपरी. तिचे कान इतके लांब की हिच्या नवऱ्यासाठी नाही, हिच्यासाठीच कानपिळी ठेवावी.

आणि काय ते जग! चार वर्षांपूर्वी याच चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक दुकानं मांडून बसायचे, तलवारी विकायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे. आता चौकात एक माणूस होता आणि तो भिंतीवर धावत होता. पाय हलत होते, भिंत जागची हलत नव्हती. त्याचा मालक त्याला चालू ठेवून बहुधा जेवायला गेला असावा. कुठल्या तरी उत्सवाच्या पताका अजून लटकत होत्या. विहिरीपाशी तोच म्हातारा उभा होता आणि त्याला अजून रानडुकरांचे सुळेच हवे होते. मी कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, घर बदललं, लग्न ठरलं, आणि ह्याचे सुळे काही पुरे झाले नाहीत. ज्यासाठी आमचं घर मोडलं ते हे. मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप आला.

सुळे आणल्याशिवाय म्हातारा फाटक उघडेना, म्हणून डुकरांकडे गेले. पहिल्याच डुकराने मला मारलं. पुन्हा उठले, पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा डुक्कर अंगावर आलं तेव्हा बाजूने एक तलवार आली आणि डुकराचे दोन तुकडे झाले. वर बघितलं तर ते खांदे. डोक्यावर तेच जुनं नाव आणि नावापुढे आमच्या अंबरनाथच्या क्वार्टरचा नंबर.

त्याने लिहिलं, "आप नये हो? मेरे पीछे आओ, कुछ नहीं होगा."

आप! घरात त्याने आजीलासुद्धा कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी त्याच्या मागे चालू लागले. त्याने मला राजधानीपर्यंत नेलं. वाटेत लांडगे आले, ते त्याने मारले आणि प्रत्येक वेळी वळून बघितलं मी येते आहे का. मी मुद्दाम मागे राहिले, तर थांबला. मी पुलावरून खाली पडले, तर स्वतः खाली उतरून वरचा रस्ता दाखवायला आला. मला चिलखत दिलं, बूट दिले, काय कुठे घालायचं ते न चिडता दोनदोनदा सांगितलं. ज्याने जन्मात मला पाण्याचा ग्लास आणून दिला नाही, तो एका अनोळखी कानवालीच्या पुढेपुढे करत होता. एवढी माया तुझ्यात होती तर ती अंबरनाथला कुठे ठेवली होतीस, असं विचारावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

राजधानीच्या दारात तो म्हणाला, आता तुम्ही सेफ आहात, काही लागलं तर सांगा. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "लागतंय. माझ्या लग्नात कान कोण पिळणार?"

सरदार उभा राहिला. हलवणारं कोणी नसलं की हे सरदार आपोआप तलवार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात आणि जांभई देतात. माझ्यासमोर त्याने कितीतरी वेळा जांभई दिली. मग दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. तो दारातच होता. त्याने विचारलं, कधी? मी तारीख सांगितली. मग त्याने विचारलं, बाबा काय म्हणाले? खोटं बोलणं सोपं होतं, पण मी खरं लिहिलं, की बाबांना माहीत नाही मी इथे आले आहे ते. त्यावर तो म्हणाला, मग त्यांनाच बोलावू दे. एवढं लिहून राजेसाहेब मोकळे झाले. नापास स्वतः झाले, पळून स्वतः गेले, आणि आता बोलावणं पाठवायचं ते बाबांनी.

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी जाऊन सरळ सांगितलं, तो आत आहे, तुम्ही बोलावलंत तर येईन म्हणतो. मला वाटलं, पक्कड शोधतील. त्यांनी पेपराची घडी केली, चष्मा पुसला आणि माझ्यामागून आले. पडद्याकडे बघत विचारलं, "यातला हा?" हो म्हटलं. "एवढे खांदे कुठून आले याला," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

तेवढ्यात एक नवखा कोणीतरी तिथे भटकत आला होता आणि सरदार त्याला तलवार ठोकून नीट करून देत होता. एक घाव, दुसरा घाव, पुन्हा उलटी करून पहिल्यापासून. बाबा ते बघत राहिले. आयुष्यभर लोखंड घासलेला माणूस, त्याला या असल्या चित्रातल्या कामात काय दिसलं कोण जाणे. तो नवखा निघून गेल्यावर बाबा मला म्हणाले, "लिही. सुटाला माप पाहिजे. शिंपी आठ दिवस घेतो."

ये म्हणाले नाहीत. मी शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि खाली लिहिलं, बाबा बसलेत इथे. सरदाराने एकदा जांभई दिली. मग उत्तर आलं, "जुनंच माप."

बाबांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्याची जुनी पँट आणि शर्ट काढला. ते कपडे आईने जपून ठेवलेत हे मला माहीत नव्हतं; बाबांना नेमका कप्पा माहीत होता. ते पिशवीत घालून स्वतः उल्हासनगरला गेले, कापड निवडलं आणि शिंप्याला म्हणे बजावलं की याच मापाचं शिव, सूतभर इकडेतिकडे नको.

लग्नात कान त्यानेच पिळला. असा पिळला की नवरा आजही तो कान चोळून दाखवतो, आणि मामाचा मुलगा तोंड पाडून जेवायच्या पंगतीत पहिला बसला. पण माझ्या मनात राहिली आहे ती आदली संध्याकाळ.

तो उन्हं कलल्यावर एक बॅग घेऊन दारात उभा राहिला. आईने त्याला धरलं आणि सोडेचना. बाबा आईला म्हणाले, आधी सूट घालून बघू दे त्याला, काही कमीजास्त असेल तर शिंपी आठला बंद करतो. तो आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तेव्हा पँट कमरेपाशी मुठीत धरून आला. कोट खुंटीवर लटकावा तसा अंगावर लटकत होता. गळ्यापाशी हाडं दिसत होती. तो हसून म्हणाला, थोडी सैल आहे. थोडी! जुनंच माप म्हणून बाबांच्या तोंडावर खोटं बोललेला तो खोटारडा, एवढ्या लांब राहून काय खात होता की खातच नव्हता देव जाणे, आणि तिथे वेशीवर बसून परक्यांना चिलखतं वाटत होता. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं, आणि मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

बाबांनी आईकडून टाचण्यांची डबी मागितली. गुडघा दुखतो म्हणून देवापुढेही खुर्चीत बसणारे बाबा जमिनीवर बसले, दोन टाचण्या दातांत धरल्या आणि त्याच्या कमरेची पट्टी दोन्ही बाजूंनी आत घ्यायला लागले. घडी घालता घालता त्यांचा हात थांबला, कारण आत घ्यायचं कापड संपेना. मग पुन्हा सुरू झाला.

"ताठ उभा राहा," बाबा म्हणाले. तीन वर्षांत त्याच्याशी बोललेलं ते पहिलं धड वाक्य.

तो ताठ उभा राहिला. आई म्हणाली, आत्ता जाऊन शिंप्याकडून शिलाई मारून आणते. बाबांनी दातांतली टाचणी काढली. "शिलाई नको. टाचण्याच राहू देत. महिनाभर घरचं जेवला की काढून टाकू."

भावाने माझ्याकडे बघितलं. दारातून आत येताना त्याने मला हळूच सांगितलं होतं की रजा चारच दिवसांची आहे. त्याने ते बाबांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.