कुलपाआडची माळ

नीलेश सकाळच्या पाळीला निघाला की बाहेरून कडी लावायचा, कुलूप घालायचा आणि ते एकदा ओढून बघायचा. बोईसरच्या त्या चाळीत संडास पार टोकाला होता. म्हणून तो परत येईपर्यंत जिवली घोट घोटच पाणी प्यायची.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जिवली डोंगराकडच्या पाड्यावरची, दिवसभर उघड्यावर वावरलेली. सुरुवातीला कुलूप नव्हतं. एकदा सातपाटीहून येणाऱ्या मासळीवालीशी ती गल्लीच्या तोंडाशी बोलत उभी होती, तेवढ्यात नीलेश आला.

"हितं कुठकुठली माणसं रातात, तुला काय ठाव?" तो म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो हाय."

दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. तो हात उगारत नव्हता, येताना भजीही आणायचा. मग तक्रार कशाची करायची? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जपतो हाय गो तुला."

धाकट्या बहिणीचं, रखमाचं, लग्न ठरलं तेव्हा जिवलीने तिच्यासाठी माळ करायला घेतली. लहानपणी दोघी नाल्याकाठी मातीचे मणी वळून चुलीत भाजायच्या. माहेरून आणलेली माती तिने भिजवली, मणी वळले, झाडूच्या काडीने भोकं पाडली आणि खिडकीच्या गजांशी सुकत ठेवले. चूल नव्हती, जुन्या कढईत वाळू तापवून त्यात भाजले. काही तडकले. उरलेल्यांतले काही गेरूने तांबडे केले, काही काजळीने काळे, काही तसेच मातकट ठेवले. बोटं मण्यांत असली की तिचं लक्ष दाराकडे जायचं नाही. पण दोरा संपला तर उठून दुकानात जाता येत नव्हतं. नीलेशला आठवण राहीपर्यंत अर्धी माळ तशीच पडून राहायची.

एका दुपारी डोळे चुरचुरू लागले. मागच्या कुठल्याशा कारखान्यातून पिवळट धूर येत होता. चाळ रिकामी होऊ लागली. पोरांना काखेत मारून बायका पळत होत्या. जिवली दार बडवत ओरडली, "मी आत हाय!"

पावलं दारावरून जात राहिली. मग एक जोडी परत आली. शेजारची हिना. कपडे शिवून घर चालवायची.

"मागं हो!" ती बाहेरून ओरडली आणि वरवंट्याने कडी झोडपू लागली. कडी निखळली. दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून मोठ्या रस्त्यापर्यंत धावल्या. तिथे पोचल्यावर जिवलीला दिसलं, माळ आपण मुठीत घट्ट धरून आणली आहे.

नीलेश धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला बघून तो मटकन खाली बसला आणि रडला. तरी दोन दिवसांनी त्याने नवी कडी ठोकली.

जिवली चटई घेऊन दाराबाहेर बसली. "लाव कुलूप. मी आत जायची नाय."

चाळ बघत होती. त्याने कुलूप खिशात घातलं आणि कामावर गेला. मग त्याचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. तासातासाला. "कुठं हायेस? खोली दाखव."

लग्नाच्या दिवशी जिवलीने ती माळ रखमाच्या गळ्यात बांधली. "चार दिस रा ना," रखमा म्हणाली.

"नाय जमायचं, तो ऱ्हाऊ द्यायचा नाय. इतके दिस कोंडूनच ठेवत व्हता मला. धूर आला तवाबी मी कुलपातच व्हते."

हे ती पहिल्यांदाच कुणाच्या तोंडावर बोलली. सुपातले तांदूळ निवडणाऱ्या आईचे हात थांबले. संध्याकाळी मांडवाबाहेर आईने नीलेशला गाठलं. "पुन्ना कुलूप लावलंस तर पोर परत न्हेईन. धूर आला त्या दिशी मेली असती ती."

दोघं बोईसरला परतली.

हल्ली जिवली हिनाकडे शिवण शिकते. दोघींच्या दारांत चार पावलांचं अंतर, पण तिथे जातानाही ती आधी गल्लीत नजर टाकते. फोन अजून वाजतो. ती बहुतेक वेळा उचलते, भिंती दाखवते. कधीकधी मात्र वाजू देते.