पाहुणे येतील तोवर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. संगमनेरात फ्रेंचचा क्लास चालवणाऱ्या बाईला तो असावाच लागतो. गृहपाठ जरा जास्तच बरोबर आला की मी मुलांना वही मिटायला लावते आणि तेच वाक्य तोंडी म्हणवून घेते. मोबाईलने केलेलं भाषांतर मला वासावरून ओळखू येतं. तसा माझ्या क्लासला सरकी पेंडीचाही वास असतो, कारण खाली पशुखाद्याचं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर मी.

गेल्या हिवाळ्यात माझा संशय गृहपाठावरून उठला आणि एका आईवर जाऊन बसला. तिची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. जवळच्या खेड्यातून स्कूटीवर यायची. पुण्याला जाऊन वरच्या पातळीची परीक्षा द्यायची आणि तिथेच एखाद्या कंपनीत फ्रेंचची नोकरी धरायची, हे तिने पक्कं ठरवलं होतं. कोणी विचारो न विचारो, ती ते सांगायची. आतापर्यंत ती एकटीच ये-जा करत होती. अचानक तिच्यामागे आई येऊ लागली. डेअरीला दूध घालून, रिकामी किटली शेजारी ठेवून, ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची ती क्लास सुटेपर्यंत.

आत या म्हटलं तर नको म्हणायची. पोरगी अंधाराची एकटी येते म्हणून आले, असं कारण सांगायची. मला काही ते पटलं नाही. अंधार काय याच वर्षी पडायला लागला होता? शिवाय तिचं लक्ष मुलीकडे कमी आणि खालच्या रस्त्याकडे जास्त असायचं. फोन आला की तोंडावर पदर घेऊन हळू बोलायची, मी दारात आले की बंद करायची. एकदा तिने मला विचारलं, क्लासची वेळ बाहेर कुणी विचारली तर तुम्ही सांगता का. मी मनात म्हटलं, झालं, हिने पोरीचं लग्न काढलंय आणि आता माझ्याकडून माहिती काढतेय. मुलीकडे पाहून मला वाईट वाटायचं, आणि आईकडे पाहून राग यायचा.

त्याच सुमारास आम्ही क्रियापदांचा एक अवघड काळ शिकत होतो. पुढे एखादी गोष्ट घडेल, तोवर दुसरी उरकलेली असेल, असं सांगणारा काळ. खरं सांगायचं तर माझा या काळावर फारसा विश्वास नाही. जे अजून झालेलंच नाही ते झालेलं असेल म्हणून छातीठोक सांगणाऱ्याचा मला संशय येतो. पण अभ्यासक्रमात आहे म्हटल्यावर शिकवावा लागतो. उदाहरण मी वर्षानुवर्षं एकच देत आले आहे: पाहुणे येतील तोवर माझा स्वयंपाक झालेला असेल. मग सगळी मुलं पाढे म्हटल्यासारखी सुरात म्हणायची, झोरे फिनी, त्यु ओरा फिनी, इल ओरा फिनी, म्हणजे माझं झालेलं असेल, तुझं झालेलं असेल, त्याचं झालेलं असेल. खालचा दुकानदार पेंड तोलता तोलता तोच सूर गुणगुणायचा.

एका संध्याकाळी दारात एक जोडपं उभं राहिलं. पांढऱ्या कपड्यांतले काका आणि अंगावर बऱ्यापैकी सोनं असलेल्या काकू. भाचीला फ्रेंच शिकवायचंय, जरा क्लास बघू का, असं काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मागच्या बाकावर बसकण मारली. मी नंबर लिहून मागितला, तो त्यांनी लगेच दिला. पण फी काही विचारली नाही. आमच्या जिल्ह्यात क्लास बघायला येऊन फी न विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझे कान टवकारले गेले.

मी शिकवत राहिले, पण एक डोळा मागच्या बाकावर ठेवून. दोघं फळ्याकडे पाहतच नव्हती. थोड्या वेळाने काकूंना तहान लागली. मी उठले तर म्हणाल्या, तुम्ही बसा मॅडम, ती पोरगी आणील. मुलीने पाणी आणून दिलं. काकूंनी एकच घोट घेतला आणि तेवढ्यात तिचे पाय, हात, केस सगळं पाहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, तिचं अक्षर कसं आहे, फळ्यावर लिहू द्या की तिला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चालवायचं, पाणी आणायला लावायचं, अक्षर बघायचं. माझ्या लग्नाच्या वेळी मीही या सगळ्यातून गेले आहे, फक्त तेव्हा मला साडी नेसवून पाटावर बसवलं होतं आणि मला ते माहीत होतं. इथे मुलीला पत्ता लागू न देता बघणं चाललं होतं, आणि तेही माझ्या क्लासात. मी खिडकीशी गेले. खाली एक पांढरी गाडी उभी होती. मागची काच अर्धी उघडी होती आणि आतला तरुण मान वाकडी करून आमच्या खिडकीकडे पाहत होता. मी पायरीवरच्या आईकडे पाहिलं. ती किटलीच्या झाकणाकडे पाहत बसली होती. हिनेच बोलावलंय यांना, अशी माझी खात्रीच पटली.

मुलगी फळ्यापाशी उभी होती. तिनेही खिडकीतून गाडी पाहिली होती. तिचा चेहरा बदलला, म्हणजे तिलाही कळलं होतं. तेवढ्यात काका प्रेमाने म्हणाले, "पोरी, त्या भाषेत बोलून दाखव की काहीतरी. आमी बी ऐकू."

मुलीने खडू खाली ठेवला, हात मागे बांधले आणि ती फ्रेंचमध्ये बोलू लागली. अगदी शांतपणे, एकही शब्द न खाता. ह्या काकू घरी जाऊन पसंती कळवतील, तोवर मी परीक्षा पास झालेली असेन. हे काका तारीख काढतील, तोवर मला पुण्यात नोकरी लागलेली असेल. आणि गाडीत लपून बसलेल्याला खाली उतरायचं धाडस होईल, तोवर मी इथून निघून गेलेली असेन. शेवटच्या वाक्यात तिने 'झ सरे पार्ती' म्हणायचं सोडून 'झोरे पार्ती' म्हटलं. तिची ही नेहमीची चूक. एरवी मी तिथल्या तिथे टोकलं असतं. त्या दिवशी टोकलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

काकूंनी खुशीत विचारलं, काय म्हणाली हो पोर? मी क्षणभर घुटमळले. पोरीची फजिती नको, तिच्या घरी तमाशा नको, असा विचार केला आणि जिभेवर आलं ते सांगून टाकलं: "म्हणाली, पाहुणे येतील तोवर माझा स्वयंपाक झालेला असेल."

दोघांचे चेहरे खुलले. काकूंनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. फ्रेंच आलं तरी पोर घरातलं विसरली नाही, असं काका जिना उतरता उतरता म्हणत होते. मला वाटलं, बरं निभावलं. मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती.

बाकीची मुलं गेल्यावर मी आईला आत बोलावलं आणि फडाफडा बोलले. माझा क्लास म्हणजे मुली दाखवायचं दुकान वाटलं का, पोरीला न सांगता हे धंदे करताना काही वाटलं नाही का, असं बरंच काही. तिने सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती नुसतं व्हय, व्हय म्हणाली आणि फोन ठेवून खाली बसली.

मग तिने खरं काय ते सांगितलं. पाहुण्यांना तिने बोलावलं नव्हतं, तिच्या दिराने पाठवलं होतं. क्लास कुठे असतो, किती वाजता सुटतो, हे दीर महिनाभर फोन करकरून विचारत होता, आणि घरात त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. म्हणून कोण येतं-जातं ते बघायला ती पायरीवर येऊन बसत होती. आत्ताचा फोन त्याचाच होता. पोरगी पसंत आहे, रविवारी सुपारी फोडायला येतात.

"जिन्यात दिसले तवाच वळखलं म्या त्यास्नी," ती म्हणाली. "पन दिराचे पावने, हाकलू कशी? म्हनलं, आत मॅडम हायेत, त्या बघतील." मग तिने विचारलं, खरं काय बोलली माझी पोर? मी वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मंग तुमी ह्येच सांगायचं हुतं की. ऐकल्यावर ते थांबले नसते. तुमी तर सयपाकाचं सांगून बसला."

साऱ्या हिवाळ्यात मी जिच्यावर पाळत ठेवली, ती माझ्या भरवशावर बसली होती. मी टेबलावरचा कागद उचलला. भाचीच्या नावाखाली दिलेला काकूंचा नंबर त्यावर होता. मी मुलीकडे पाहिलं, तिने होकाराची मान हलवली. मी फोन लावला आणि म्हटलं, मॅडम बोलतेय, मघाशी भाषांतरात माझी चूक झाली. मग तिची तिन्ही वाक्यं, मुलगी फळ्यापाशी उभी राहिली होती तशीच ताठ उभी राहून, मराठीत म्हणून दाखवली. मग काकूंनी विचारलं, "गाडीतला म्हंजी आमचाच का?" मी हो म्हटलं. फोन बंद झाला.

दीर घरी काय गोंधळ घालेल, ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मुलगी गुपचूप दप्तर आवरत होती. आईने किटली उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली. पुण्याची ती परीक्षा कधी आहे, तिने विचारलं. मी महिना सांगितला आणि म्हटलं, हिला एकटीला पाठवायला घरचे तयार होतील का.

"एकटी कशाला?" ती म्हणाली. "मी जाईन की संगं. तिथं बी पायऱ्या असत्यालच."