पाळीव बोंडअळी

यंदा मी घरात बोंडअळी पाळली आहे. आमच्या वऱ्हाडात हे वाक्य मोठ्यानं बोलायची सोय नाही, म्हणून लिहितोय.

याला कारण आमची लेक, रेवा. ती बडोद्याला असते आणि किड्यांवरून कलाकृती करते. (म्हणजे काय करते, हे मी नातेवाइकांना अजून समजावतोय!) दिवाळीला येते आणि फराळ संपायच्या आत जाते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "बाबा, मी महिनाभरासाठी येऊन राहिली," तेव्हा तिच्या आईनं लगेच गादी उन्हात टाकली.

येण्याचं कारण मागाहून कळलं. अमरावतीच्या प्रदर्शनात तिला जिवंत गुलाबी बोंडअळ्या मांडायच्या होत्या. पांढऱ्या कापडाच्या पेटीत कपाशीची किडकी बोंडं ठेवायची, अळ्या कोष करणार आणि पाहुण्यांसमोर त्यांचे पतंग उडणार! जन्मभर जिच्यावर फवारे मारले, तिच्यासाठी मी शेताशेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं 'किडकी बोंडं आहेत का?' विचारत हिंडलो. लोकांनी पोतंभर दिली आणि माझ्यावर जरा लक्ष ठेवा, असं बायकोला सांगितलं.

जठारपेठेतल्या आमच्या घरात पेटी मांडली. रेवा तासन् तास पेटीपुढे बसे आणि मी रेवापुढे. घर भरल्यासारखं वाटायचं. हा महिना सरूच नये, असं फार वाटायचं.

एके दिवशी ती हॉल पाहायला अमरावतीला गेली. जाताना मला पेटीवर लक्ष ठेवायला सांगून गेली. मी झाकण उघडून लक्ष ठेवत बसलो. तेवढ्यात शेतशेजाऱ्याचा फोन आला. विषय अर्थात बोंडअळी! आता, कापूसवाल्याचं तोंड आणि हात कधी एकमेकांना विचारत नाहीत. तोंड बोलत होतं. हातानं बोंड उचललं, फोडलं, आतली अळी अंगठ्यानं चिरडली. मग पुढचं बोंड. (शेतात उभ्याउभ्या आम्ही हेच करतो!) फोन संपला तेव्हा प्रदर्शनही संपलं होतं.

संध्याकाळी रेवानं आधी पेटी पाहिली, मग माझा अंगठा.

"बाबा, हे काहून केलं?"

"मले समजलंच नाई व पोरी. हात आपोआप चालला."

मला वाटलं, आता रडते. पण तिनं माझा अंगठा धरून खिडकीशी नेला आणि फोटो काढला. तोच भिंतभर मोठा होऊन अमरावतीला लागला. लोक त्याच्यापुढे गंभीर होऊन उभे राहत होते. पण काम असं झटपट आटोपल्यावर ती थांबेल कशाला? आठवड्यात बडोद्याला निघून गेली. अळ्यांबरोबर तिचा महिनाही मीच चिरडला होता. तिची गादी तिच्या आईनं अजून उचललेली नाही, आणि मीही उचल म्हणत नाही. संध्याकाळी त्या खोलीपुढून जाताना फार आठवण येते.

म्हणून यंदा ही पेटी. फोन आला की मी आधी दुसऱ्या खोलीत जातो. परवा रेवाला सांगितलं, "अळ्या मस्त तयार झाल्या. तू ये."

ती हसली. "बाबा, मी आता मुंग्यांवर काम करून राहिली."

तेव्हापासून आमच्या घरात साखरेचा डबा उघडा असतो.